आकाशातला पिंगळा

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. निरोप कसला, हल्ली सगळ्यांना येतं तसलंच एक ढकलपत्र. वर उपग्रहाचं चित्र, खाली लाल अक्षरं, आणि मजकूर असा, की आता आयनांबरातले बदल टिपून उपग्रह भूकंपाची बातमी सात दिवस आधी देणार, तरी ही माहिती किमान दहा जणांना पाठवा. दहा जणांत माझाही नंबर लागला. खाली त्याने स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं : "बाई, आता आपल्या भागाची काळजी मिटली."

त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. ढकलपत्रांवर मी सहसा चिडत नाही. हळद-आल्याचे काढे, युनेस्कोने जाहीर केलेली राष्ट्रगीतं, सगळं मी मुकाट्याने पुसून टाकते. पण 'काळजी मिटली' हे शब्द या मुलाने लिहावेत?

हा मुलगा १९९३ साली माझ्या सहावीच्या वर्गात होता. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. या मुलाची आई आणि धाकटी बहीण त्यात होती. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी हजेरी घ्यायला बसले आणि तिसऱ्याच नावावर अडले. त्यानंतर कित्येक दिवस मी नावं न घेता नुसती डोकी मोजून पटावर खुणा करत होते. मुख्याध्यापकांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

असो. रडगाणं गायचं नाही असं ठरवून बसलेय. मुद्दा उपग्रहाचा आहे.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. मराठी आणि भूगोल शिकवला, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध नववी-दहावीपुरता. पण त्या पहाटेनंतर भूकंपावर जे हाती लागेल ते वाचायची सवय जडली, आणि नातवाने संगणक शिकवल्यापासून तर फारच. त्यामुळे या ढकलपत्रातला उपग्रह कुठून आला ते मला चांगलंच ठाऊक आहे. त्याची खरी गोष्ट ढकलपत्रापेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि ती कुणी सांगत नाही, याचा मला खरा राग आहे.

फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने २९ जून २००४ रोजी 'डेमेटर' नावाचा उपग्रह सोडला. डेमेटर ही ग्रीकांची शेतीभातीची देवी. शिवाय उपग्रहाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की तेच नाव होतं. त्या लांबलचक नावाचा अर्थ, भूकंपप्रवण भागांतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचा शोध. वजन अवघं १३० किलो. कझाकस्तानातल्या बैकानूरहून तो गेला, आणि गेला तोही एका जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राचं रूपांतर करून बनवलेल्या रॉकेटवरून. शहरं बेचिराख करायला घडवलेल्या यंत्राने, शहरं कशाने पडतात ते शोधणारा उपग्रह वर नेला. मला हे फार आवडलं होतं.

कल्पना अशी होती. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर हवेचा जो विरळ थर आहे, तिथे उन्हाच्या माऱ्याने अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हेच आयनांबर. पूर्वी रात्री रेडिओवर दूरदूरची स्टेशनं लागायची ती याच थराच्या कृपेने. आता भूकंपाआधी खडकावर प्रचंड ताण येतो. त्या ताणाने खडकात विद्युतभार तयार होत असेल, किंवा भेगांतून रेडॉन वायू बाहेर पडून हवेची विद्युतस्थिती बदलत असेल, आणि या बदलाचा पडसाद थेट आयनांबरात उमटत असेल, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क होता. तर्क अगदीच हवेतला नव्हता. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या सात किलोमीटरवर स्टॅनफर्डच्या एका प्राध्यापकांचं चुंबकीय लहरी मोजणारं यंत्र योगायोगाने चालू होतं, आणि भूकंपाच्या काही तास आधी त्यावरचे आकडे एकदम चढले होते. साऱ्या जगाचे कान टवकारले. एका यंत्राला ऐकू आलं तर आकाशातून का ऐकू येऊ नये?

म्हणून डेमेटरच्या अंगाला लांब दांड्या लावून त्यांवर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं बसवली. जोडीला आयनांची घनता आणि तापमान मोजणारी, कण पकडणारी. सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून (पुढे ती ६६० वर आणली) तो दिवसाला चौदा प्रदक्षिणा घालायचा आणि भूकंपाच्या पट्ट्यांवरून जाताना जास्त बारीक नोंदी ठेवायचा. २०१० च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे साडेसहा वर्षं, त्याने हे काम इमानेइतबारे केलं.

सापडलं काय? इथे थोडं सावकाश वाचा मंडळी, कारण सगळी लबाडी याच जागी होते.

हजारो भूकंप घेतले. प्रत्येकाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी काढल्या आणि त्या एकमेकींवर रचल्या. आपण पारदर्शक कागदावर नकाशे काढून एकावर एक ठेवायचो ना, तसंच. तेव्हा दिसलं की ४.८ पेक्षा मोठ्या, उथळ भूकंपांच्या आधीच्या चारेक तासांत, रात्रीच्या वेळी, सुमारे १.७ किलोहर्ट्झ या एका विशिष्ट वारंवारतेजवळ लहरींचा जोर किंचित कमी झालेला असतो. फ्रेंच आणि झेक शास्त्रज्ञांनी २००८ साली हे छापलं. निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता फार कमी आहे, असंही गणिताने दाखवलं. गोष्ट खरी आहे, आणि कौतुकाचीही.

पण त्याच लोकांनी हेही लिहिलं की हा परिणाम फार बारीक आहे आणि सरासरी काढल्यावरच दिसतो. एखाद्या भूकंपाचं भाकीत त्यावरून करता येत नाही. ढकलपत्रवाल्याने पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं गिळलं.

सरासरी म्हणजे काय हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. मोठ्या परीक्षेआधीच्या रात्री वर्गाची सरासरी झोप एका तासाने कमी होते, असं समजा. खरं असेल. पण म्हणून गणू काल रात्री उशिरापर्यंत जागा होता यावरून आज परीक्षा आहे असं तुम्ही म्हणाल का? तो गणू तमाशाला गेला असेल, त्याचा दात दुखत असेल, त्याच्या घरी म्हैस व्याली असेल. आयनांबर हे असंच शंभर कारणांनी जागं राहणारं पोर आहे. सूर्यावर खळबळ झाली की ते ढवळतं. दिवस-रात्र, ऋतू, विजांचा कडकडाट, सगळ्यांनी बदलतं. इतकंच कशाला, आपण माणसंही त्याला छळतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला पाणबुड्यांशी बोलणारं एक जबरदस्त ताकदीचं प्रक्षेपण केंद्र आहे. त्याच्या लहरींनी वरचं आयनांबर काही लाख चौरस किलोमीटरवर तापून विस्कटतं, हे डेमेटरनेच दाखवलं. कारखानदारीच्या देशांवरून जाताना विजेच्या तारांची गुणगुण त्याला सातशे किलोमीटर उंचीवर ऐकू यायची. पृथ्वीच्या पोटातली कुजबुज ऐकायला पाठवलेल्या यंत्राला आपल्याच तारांची गुणगुण ऐकू यावी, हा शोध मला भूकंपाच्या भाकितापेक्षा कमी वाटत नाही. पण त्याचं ढकलपत्र कोण काढणार? त्यात काळजी मिटत नाही ना.

आणि ते कॅलिफोर्नियातलं यंत्र? वीस वर्षांनी, २००९ साली, दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि आकड्यांची ती चढण बहुधा यंत्राच्याच बिघाडाची होती असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००४ साली पार्कफील्डला, जिथे भूकंपाची वाट बघत जमिनीत हरतऱ्हेची उपकरणं पुरून ठेवली होती, तिथे ६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आधी कशावरच काही उमटलं नाही.

आता माझ्या विद्यार्थ्यासाठी एक साधा हिशोब. समजा, डेमेटर १९९३ साली आकाशात असता. त्याची कक्षा अशी होती की कुठल्याही गावाच्या बाजूने तो स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी सव्वादहा आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास जायचा. म्हणजे २९ सप्टेंबरच्या रात्री, विसर्जनाच्या मिरवणुका संपताना, तो आपल्या बाजूने गेला असता. अगदी डोक्यावरून नव्हे, शेकडो किलोमीटर अंतरावरूनही. आपल्या भागासाठी त्याला मिळाली असती जेमतेम पाच मिनिटं. त्यानंतर पहाटे ३.५६ पर्यंत पुन्हा दर्शन नाही. त्या पाच मिनिटांत लहरींचा जोर किंचित कमी दिसला असता किंवा नसता. यावरून कुणाला उठवायचं? लातूरला? सोलापूरला? बिदरला? की उभ्या दख्खनला?

लहानपणी पहाटे आमच्या गल्लीत पिंगळा यायचा. हातात कंदील, डोक्याला मुंडासं. काहीतरी होणार आहे असं मोघम सांगून सुपातलं धान्य घेऊन जायचा. त्याचं कधी चुकायचं नाही, कारण कुठे, केव्हा, किती हे तो कधी सांगतच नव्हता. डेमेटरच्या शास्त्रज्ञांनी पिंगळा व्हायला साफ नकार दिला. आम्हीच त्यांच्या हातात कंदील देतोय.

चीनने २ फेब्रुवारी २०१८ रोजी 'झांग हेंग-१' हा याच जातीचा उपग्रह सोडला, त्यात इटलीचंही एक उपकरण आहे. २०२५ च्या जूनमध्ये दुसराही गेला. ढकलपत्रातलं चित्र बहुतेक त्यातल्याच एकाचं असावं. तो थेट भाकितासाठी नाही हे पहिल्या वेळी खुद्द त्यांच्याच लोकांनी सांगितलं होतं. ज्याच्या नावावरून नाव ठेवलं त्या झांग हेंगने इसवी सन १३२ मध्ये भूकंप दाखवणारं काशाचं भलंमोठं भांडं बनवलं होतं. धक्का बसला की ड्रॅगनच्या तोंडातली गोळी खालच्या बेडकाच्या तोंडात पडायची. म्हणजे तेही भूकंप होऊन गेल्यावरच! अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने खोटी आशा विकली नव्हती.

दुसऱ्या बाजूचेही लोक आहेत. आमच्या सकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "म्हणजे फ्रेंचांचे पैसे पाण्यातच की." त्यांना मी विचारलं, तुमच्या मोबाईलमध्ये उत्तर दाखवणारी सुई आहे, ती कुणाच्या जिवावर? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सारखं सरकत असतं, त्याचा नकाशा दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो, आणि त्यासाठी युरोपने २०१३ साली सोडलेले 'स्वॉर्म' नावाचे तीन उपग्रह मोजमाप पुरवतात. ज्योतिष सांगत नाही तो उपग्रह वाया गेला, ही समजूत आणि ते ढकलपत्र, दोन्ही एकाच मातीची लेकरं. एका शंकेचा साडेसहा वर्षं पाठलाग करून "इतपतच आहे, याच्या पुढे नाही" असं सांगणं, याला मी पास करते. पहिल्या वर्गात.

आता मूळ भांडणाकडे येते. भूकंप आधी कळला नाही म्हणून माणसं मेली, हे मला मान्यच नाही.

२०१० साल बघा. डेमेटर तेव्हा वरच होता. १२ जानेवारीला हैतीत ७ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा लाखाच्या वर, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तर तीन लाखांच्या घरात. पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा झाला. ऊर्जा मोजली तर हैतीच्या सुमारे पाचशे पट. त्यात त्सुनामी धरून माणसं गेली सव्वापाचशेच्या आसपास. चिलीला कुणी आधी सांगितलं होतं का? मुळीच नाही. चिलीने १९६० सालच्या महाभूकंपासह अनेक तडाखे खाल्ले होते आणि घरं कशी बांधायची याचे नियम नुसते छापले नाहीत, पाळले. केंद्राची खोली, शहरापासूनचं अंतर, असे फरक आहेत, मला माहीत आहे. तरी लाख आणि पाचशे यांतलं अंतर त्याने भरून निघत नाही.

आणि आपल्याकडे? लोक म्हणतात किल्लारीला काही इशारा नव्हता. होता! १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या आसपास किती छोटे धक्के बसले होते. भांडी वाजायची, जमिनीतून गुडगुड ऐकू यायची. लोक घाबरून अंगणात, शेतात झोपले. ओरडही केली. मग धक्के थांबले, थंडी वाढली, माणसं आत गेली. शेवटी घरात जाणारच ना? अकरा महिने उघड्यावर कोण झोपतं? मग अकरा महिन्यांनी ती पहाट आली. इशारा मिळूनही भिंती त्याच होत्या. अडीच-तीन फूट रुंद, काळ्या दगडाच्या, आतल्या-बाहेरच्या दोन थरांमध्ये दगडगोट्यांची नि मातीची भर, दोन्ही थरांना बांधणारा आडवा दगड क्वचितच. वर माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा आणखी एक थर. भर उन्हाळ्यात आत गार वाटायचं. मीही अशाच घरात वाढले, आजोबांच्या त्या रुंद भिंतींचा अभिमान होता मला. त्याच भिंतींनी माणसं मारली. जमिनीने एकालाही मारलं नाही. आणि सरकारी नकाशात हा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशाने तो पट्टाच रद्द केला आणि लातूरला वर सरकवलं.

खोट्या दिलाशाची किंमत काय असते ते इटलीतल्या लाक्विला गावाला विचारा. तिथेही २००९ साली महिनोन् महिने छोटे धक्के बसत होते. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची, ही तिथली जुनी रीत. पण एका सरकारी अधिकाऱ्याने घरी निवांत राहायला हरकत नाही अशा अर्थाचं सांगितलं. ६ एप्रिलच्या पहाटे ३०९ माणसं गेली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. अपिलात २०१४ साली शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण राहिली. जगभर बोभाटा झाला की बघा, भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग. खटला त्यासाठी नव्हताच. काळजी मिटली असं सांगितल्याबद्दल होता.

म्हणून मी उलट निरोप न धाडता त्या मुलाला फोनच लावला. मुलगा म्हणते, पण आता चव्वेचाळीसचा आहे, त्याचीच पोरगी बारावीला आहे. पुनर्वसनाच्या गावात मिळालेल्या घरावर मजला चढवतोय, मागे दोन खोल्याही वाढवतोय. म्हटलं, "तुझा उपग्रह राहू दे बाजूला. कॉलम घेतलेत का?"

"बाई, मागच्या खोल्यांना कशाला कॉलम? नुसत्या भिंतीच."

"आणि वरच्या मजल्याला?"

"आहेत की. सळई बारा एमएमची."

"रिंगा किती अंतरावर? त्यांची टोकं आत वळवलीत की नुसती चिकटवलीत?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "ते गवंड्याला विचारावं लागेल. पण बाई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"खोल्यांच्या भिंतींवर, दार-खिडक्यांच्या वरून, चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा टाकलास का?"

"गवंडी म्हणाला त्याची गरज नाही, उगाच खर्च वाढतो."

"किती वाढतो?"

त्याने आकडा सांगितला. त्याच्या हातातल्या मोबाईलपेक्षा कमी होता. तेही सांगून टाकलं मी, बोलायला आता घाबरायचं कुणाला?

"पोरगी कुठल्या खोलीत झोपते?"

"मागच्याच. अभ्यासाला शांत पडते म्हणून."

मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. त्याच्या मागे कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर घरघरत होतं. शेवटी तोच म्हणाला, "बाई, मागचा स्लॅब अजून पडायचाय. शनिवारी आहे." मी म्हटलं, शनिवारचा पुढे ढकल, आणि शुक्रवारी तुझ्या त्या गवंड्याला घरी थांबवून ठेव. मी सकाळच्या एसटीने येतेय.